शनवाऱ्या

शनिवारी पहाटे साडेचारला जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावात जो पोरगा स्टेशनकडे चालत निघालेला असतो, त्याच्या अंगात दोन शर्ट, एक स्वेटर आणि वर जाकीट असतं. थंडी असतेच असं नाही. स्वस्तातली विमान कंपनी फुकट नेऊ देते ती पिशवी ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरच्या मापात बसावी लागते, पण आत बसणाऱ्या माणसाचं माप कोणी घेत नाही, एवढं त्याने पहिल्याच सहलीत ओळखलेलं असतं. जाकिटाच्या डाव्या खिशात चार्जर, उजव्या खिशात टॉवेल, आतल्या खिशात पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना. पोरगा अमरावतीचा असतो, नाहीतर अकोल्याचा. इकडे इंजिनिअरिंग उरकून तिकडे मास्टर्सला गेलेला. सोमवार ते शुक्रवार तो विद्यार्थी असतो, अधूनमधून गोदामात खोकी उचलणारा कामगारही असतो. शनिवार-रविवारी तो जे काही असतो त्याला मराठीत धड शब्द नाही, म्हणून आपण त्याला शनवाऱ्या म्हणू.

शनवाऱ्यावर दोन आरोप आहेत आणि ते दोन दिशांनी येतात. त्याने मोबाइलवर आयफेल टॉवरचं स्टेटस ठेवलं की गावाकडे ओट्यावर बोललं जातं, ‘बापानं कर्ज काढून धाडलं, अन् हे पोट्टं प्यारिसात फिरून राह्यलं.’ म्हणजे उधळ्या. तिकडचे सोबती, त्यातही पुण्या-मुंबईकडचे, याच्या नेमकं उलट सांगतात: हा टॉवरखाली उभा राहतो पण वर जात नाही, कॅफेसमोर फोटो काढतो पण आत बसत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा खोलीवरून भरून आणतो. म्हणजे चिकट. आता एकच माणूस एकाच शनिवारी उधळ्याही आणि चिकटही, हे काही जुळत नाही. माझं म्हणणं असं की तो दोन्ही नाही. तो जे करतो ते वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. आपण त्याला यात्रा म्हणत होतो, आणि मुक्कामाला देव असायचा म्हणून कोणी हिशेब मागत नव्हतं.

पुरावा रेल्वेपासून सुरू करावा लागेल. अमरावती हे मुख्य मार्गावरचं स्टेशन नव्हे. मुंबई-हावडा मार्ग गावाला वळसा घालून बडनेऱ्यावरून जातो आणि अमरावतीकर दहा किलोमीटरचा फाटा धरून तिथवर पोचतो. अकोल्याचं स्टेशन मुख्य मार्गावर असलं, तरी त्याच जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरावरून शकुंतला निघायची, एक फाटा अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ सालापर्यंत ओढत होतं. घड्याळ पाहणाऱ्यासाठी ती गाडी नव्हतीच. आता ती बंद आहे, पण तिने आजोबांच्या पिढीला जे शिकवलं ते नातवाच्या कामी येतं: गाडी बदलावी लागणार, वाट पाहावी लागणार, आणि डबा सोबत असला तर यातलं काहीच संकट नव्हे. जर्मनीत मे २०२३ पासून जो देशभराचा मासिक पास निघाला तो नेमका अशाच माणसासाठी आहे. सुरुवातीला तो ४९ युरोंचा होता, २०२५ मध्ये ५८ झाला. तो वेगवान आयसीईत चालत नाही. दर स्टेशनाला थांबणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत, ट्रॅममध्ये, बसमध्ये चालतो. कोलोनहून बर्लिनला आयसीई साडेचार तासांत नेते तिथे या गाड्या बदलत बदलत जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मुंबईचा मुलगा वेळापत्रक पाहूनच खचतो. शनवाऱ्या म्हणतो, ‘बसाले जागा भेटते ना? मंग झालं.’

विमानाचंही तसंच. फ्रँकफर्ट-हान नावाचा विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे ऐंशीहून अधिक, आणि म्युनिकच्या नावावर खपवलेला मेमिंगेन शंभराहून अधिक. पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाला यात फसवणूक वाटते. शनवाऱ्याला वाटत नाही. नाव एका गावाचं आणि उतरायचं भलत्याच गावी, ही गोष्ट बडनेऱ्याने त्याच्या अंगवळणी पाडलेली असते.

आता पैशांकडे येऊ, कारण ओट्यावरच्या मंडळींचा खरा मुद्दा तोच आहे. व्हिसा मिळण्याआधी जर्मन बँकेत वर्षाचे ११,९०४ युरो बांधून ठेवावे लागतात आणि तिथे पोचल्यावर ते महिन्याला ९९२ या बेताने सुटतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे. त्यात खोलीभाडं, आरोग्यविमा, किराणा. यातून सहल निघते कशी? पहिलं उत्तर असं की रेल्वेचा पास सहलीसाठी घेतलेलाच नसतो. विद्यार्थ्यांना तो साठ टक्के किमतीत पडतो, म्हणजे २०२५ मध्ये महिना ३४.८० युरोला पडत होता, आणि कित्येक विद्यापीठांत तो सत्राच्या शुल्कातच घातलेला असतो. नको म्हणायची सोय नाही. तो शनिवारी खोलीवर ठेवून दिला तर कोणी दमडी परत करत नाही. भरलेलं ताट टाकून उठणं वऱ्हाडात पाप मानतात, आणि हे तर भरलेलं तिकीट आहे. त्याच पासावर पुढे ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग स्टेशन गाठता येतं, स्वित्झर्लंडात बाझलच्या जर्मन स्टेशनावर उतरता येतं. फ्रान्ससाठी तो ऱ्हाईनकाठच्या केल गावी उतरतो आणि पादचारी पुलावरून चालत स्ट्रासबुर्गमध्ये शिरतो. पलीकडे जाणारी ट्रॅम आहे, पण हौसेने पायी शेगाव गाठणाऱ्या गावांतून आलेल्या माणसाला एक नदी ओलांडायला ट्रॅम लागत नाही. चालत परदेशी गेलेला वऱ्हाडी म्हणून त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

दुसरं उत्तर मजुरीचं. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन तासाला १२.८२ युरो होतं. त्या दराने रात्रीच्या बसचं वीस युरोंचं तिकीट म्हणजे गोदामातली दीड-पावणेदोन तासांची खोकी. शनवाऱ्या कोणत्याही शहराची किंमत आधी खोक्यांत करतो, मग रुपयांत. युरो शंभर रुपयांपलीकडे गेला तेव्हा रुपयाचं वाईट झालं, पण शनवाऱ्याचं गणित सोपं झालं: दोन शून्यं लावायची आणि छातीत कळ येऊ द्यायची. साडेचार युरोंची कॉफी त्याला मेनूकार्डावर साडेचारशेची दिसते, आणि साडेचारशेत राजकमल चौकात किती जण गिला वडा खातील याचा हिशेब होईपर्यंत वेटर निघून गेलेला असतो.

म्हणून डबा. या डब्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण शनवाऱ्याची सारी बुद्धी तिथे कामाला लागते. बस असेल तर तिखट पुऱ्या, कांदा, ठेचा. रेल्वे असेल तर त्यावर लोणचं. विमान असेल तेव्हा मात्र प्रश्न तत्त्वाचा होतो. बहुतेक विमानतळांवर शंभर मिलिलिटरच्या वर पातळ काही नेता येत नाही, आणि नियमाच्या लेखी चटणी-लोणच्यासारखा लगदाही पातळच. म्हणजे ठेचा पातळात मोडतो, लोणचं निःसंशय मोडतं, आणि जवसाची कोरडी चटणी मोडत नाही. आईने घरून निघताना ‘घेऊन जाय, कामी येते’ म्हणून कोंबलेली जवसाची पुडी हीच शेवटी साऱ्या युरोपभर हिंडते. प्रागच्या चार्ल्स पुलावर, पुतळ्याच्या सावलीत, सुपरमार्केटातल्या सर्वांत स्वस्त पावावर ती पसरलेली असते. वरून पिऊन झालेल्या कोकच्या बाटल्या तो टाकत नाही. जर्मनीतल्या असतील तर एकेकीचे २५ सेंट परत मिळतात. सोबत्यांनी टाकलेल्याही उचलतो. सोबती हसतात. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले त्या जिल्ह्यातल्या पोराला कचरा उचलायची लाज का वाटावी, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

गाडगेबाबांचं नाव आलंच आहे, तर मुक्कामाचंही तिथेच सांगून टाकतो. शनवाऱ्या आठ-आठ, बारा-बारा खाटांच्या खोलीत उतरतो, खाली अनोळखी, वर अनोळखी. घरी कळलं तर काळजी, म्हणून तो ‘होस्टेल’ एवढंच सांगतो आणि घरच्यांना ते कॉलेजचं वाटतं. खरं तर काळजीचं कारण नाही, कारण ही धर्मशाळाच आहे. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पायी हिंडणाऱ्या मुलांसाठी उतरायची सोय केली, ते जगातलं पहिलं युवा वसतिगृह. इकडे गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. हिंडणाऱ्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा हवी, हे दोघांनाही आपापल्या ठिकाणी कळलं. फरक एवढाच की आपल्याकडच्या धर्मशाळेत अंथरूण आपलं असायचं आणि तिकडे चादरीचे कधीकधी वेगळे पैसे घेतात. टॉवेलचे तर घेतातच. म्हणून तो जाकिटाच्या उजव्या खिशात.

यावर जुनी मंडळी एक मोठं नाव पुढे करतात. पंजाबराव देशमुखही विलायतेत शिकले. एडिनबराला शिकले, ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहिला, बॅरिस्टर झाले, परत येऊन शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. ते फिरत बसले असते तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला कोणाचं नाव दिलं असतं? मुद्दा वजनदार आहे. पण पंजाबरावांशी तुलना झाली तर शनवाऱ्याच काय, त्याला नावं ठेवणारा अख्खा ओटाही त्यात टिकत नाही, हे आधी मान्य करावं. शिवाय जर्मनीतला रविवार हा काय प्रकार आहे हे ओट्याला ठाऊक नसतं. त्या दिवशी तिथे जवळजवळ सगळी दुकानं कायद्याने बंद. गावात चिटपाखरू नाही. ज्याच्या गावात रविवारच्या नावाचा अख्खा इतवारा बाजार आहे, तो पोरगा असल्या रविवारी खोलीत बसून पुस्तक उघडेल, ही अपेक्षा पुस्तकालाही नसते. तो पाच मिनिटं भिंतीकडे बघतो आणि घरी फोन लावतो. त्यापेक्षा गाडीत बसलेला बरा. निदान खिडकी असते, आणि सोमवारी द्यायची असाइनमेंट गाडीत पुरी होते.

तिसरा आक्षेप सर्वांत चांगला आहे, म्हणून शेवटी ठेवला. छत्तीस तासांत हा पाहतो काय? खरं सांगायचं तर फार नाही. युरोपात राहण्याचा परवाना असलेल्या २६ वर्षांखालच्या माणसाला पॅरिसच्या लूव्हरमध्ये तिकीट पडत नाही, म्हणून हा जातो; गर्दीत मान उंचावून मोनालिसाचं मुखदर्शन घेतो आणि मागच्याने ढकललं की पुढे सरकतो. पण तासन्‌तास रांगेत उभं राहून विठ्ठलापुढे क्षणभर डोकं टेकवणाऱ्याला ‘तू काय पाह्यलं?’ असं आपण कधी विचारत नाही. बर्लिनमध्ये तो ऑलिंपिक स्टेडियमपर्यंत जातो, तिकिटाचा दर वाचतो आणि बाहेरून फोटो काढतो. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी ऑलिंपिकच्या वेळी याच शहरात कबड्डी खेळून दाखवली होती. त्या बिचाऱ्यांना निदान दर वाचावा लागला नसेल. संध्याकाळी घरी फोन होतो. बाबा विचारतात, ‘किती लागले?’ तो आकडा सांगतो. आई विचारते, ‘जेवला काय?’ तो हो म्हणतो. शहर कसं होतं हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं असतं तर ‘मस्त होतं’ यापलीकडे त्याच्याकडे फारसं काही नसतं.

इथे माझी वकिली थोडी अडखळते. ब्रसेल्सची स्वस्त बस मिळाली की शनवाऱ्या वॉटर्लूलाही जाऊन येतो. टेकाडावरच्या सिंहाचा खालून फोटो काढतो, कारण वर जायला पैसे पडतात. १८१५ साली इथे वेलिंग्टनने नेपोलियनला हरवलं, एवढं फलकावर वाचतो. याच वेलिंग्टनने, तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातला गाविलगड घेतला, हे त्या फलकावर नाही. शनवाऱ्याला ते इकडेही कोणी दाखवलेलं नसतं. अडगाव त्याच्या मावशीच्या गावाच्या वाटेवर असू शकतं. गाविलगडावर तो कॉलेजात असताना गेलेला असतो, पण तेव्हा भजी खाण्यात आणि पावसात भिजण्यात वेळ गेला. उधळ्या नव्हे, चिकट नव्हे, हे मी सिद्ध केलं असं मला वाटतं; अनभिज्ञ आहे, हे मात्र नाकारता येत नाही, आणि त्यात तो एकटा नाही.

सुट्टीत तो घरी येतो तेव्हा पहिल्या शनिवारी त्याला चुकल्यासारखं होतं. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास १९८८ पासून आहे. चार दिवसांचा मिळतो, सात दिवसांचाही मिळतो. अमरावतीहून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला जाणाऱ्या गाडीत तो चालतो, आणि ठेच्याचं माप कोणी घेत नाही.