भांगेतले सद्गुण

आपल्याकडे व्यसन घरात शिरतं ते औषध म्हणून. आजीच्या पिढीतल्या कितीतरी बायका सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायच्या आणि ती बोटावर घेऊन तासभर दात घासत बसायच्या. हिरड्या बळकट होतात म्हणे. हिरड्यांचं काय झालं ते दंतवैद्यांना विचारा. मिश्री संपलेल्या दिवशी सुनांचं काय व्हायचं ते मात्र साऱ्या आळीला ठाऊक असायचं. सर्दीला ब्रँडी, पोट साफ व्हायला विडी, ही त्यातलीच भावंडं. आता त्यांच्या पंगतीला भांग येऊन बसली आहे, आणि तीही चार इंग्रजी शब्द शिकून. यंदाच्या धुळवडीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक निवृत्त काका ठंडाईचा पेला माझ्यापुढे धरून म्हणाले, "घ्या हो, लाजू नका. अँटिऑक्सिडंट असतं यात." केंद्राच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातून भांगेचं नुसतं पान सुटलं असलं, तरी आपल्या राज्याच्या दारूबंदी कायद्यात ते अडकतं, हे मी त्यांना सांगणार होतो. पण ठंडाई काकूंनी केली होती, आणि त्यात बदाम, बडीशेप, मिरे यांपलीकडे काही नव्हतं. काका तरीही झुलत होते.

काकांचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. १९९८ साली अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूच्या पेशी बशीत वाढवल्या, त्यांच्यावर ग्लुटामेटचा मारा केला आणि सोबत भांगेच्या झाडातली दोन द्रव्यं दिली: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं कॅनाबिडिऑल. दोघांनीही पेशी वाचवल्या. कॅनाबिडिऑल तर क आणि ई जीवनसत्त्वांनाही भारी पडलं. या चमूत १९७० च्या नोबेलचे एक मानकरी, ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड होते. म्हणजे हे काही गच्चीवरचं संशोधन नव्हे. २००३ मध्ये त्याचं पेटंटही निघालं, क्रमांक ६६३०५०७. मालक कोण, तर अमेरिकेचं आरोग्य खातं. आणि त्याच सरकारच्या कायद्यात हे झाड तेव्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांचा वैद्यकीय उपयोग मान्यच नाही अशा पदार्थांत, हेरॉईनच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं. एक खातं झाडाच्या गुणांवर मालकी सांगतंय आणि दुसरं झाड लावणाऱ्याला बेड्या घालतंय! आपल्या कचेऱ्यांत या टेबलाचं त्या टेबलाला कळत नाही म्हणून आपण उगाच कुरकुरतो.

झाड ही द्रव्यं बनवण्याचा उद्योग माणसासाठी करत नाही. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर चांगलं भिंग धरा. इवल्या इवल्या काचेच्या टाचण्या दाटीने टोचून ठेवल्यासारख्या दिसतील: पारदर्शक देठ, वर गोल डोकं, डोक्यात चिकट राळ. खायला आलेल्या किड्याचे पाय तिच्यात रुतावेत, असा झाडाचा बेत असावा. हिमाचलातल्या मलाणा गावात हाच फुलोरा दोन्ही तळव्यांत चोळत बसतात. तळव्यांवर काळी पुटं चढतात, ती खरवडून काढली की झाली चरस. या राळेतल्या रेणूंकडे देऊन टाकायला एखादा हायड्रोजन असतो. पेशीत धुडगूस घालणारा ऑक्सिजनचा रेणू आला की तो त्याच्या हाती ठेवून त्याला शांत करायचं, एवढीच अँटिऑक्सिडंटची करामत. हीच दानत लवंगेतल्या युजेनॉलकडे आहे, हळदीतल्या कुरकुमिनकडे आहे. आणि हळद बाळगली म्हणून कुणाला जामीन घ्यावा लागत नाही. तुळशीत भांग उगवली म्हणून नाकं मुरडणाऱ्यांच्या माहितीसाठी आणखी एक: कॅरिओफायलीन नावाचं सुगंधी द्रव्य मिऱ्यात असतं, भांगेत असतं, आणि तुळशीतही असतं.

भांगेच्या जंतू मारण्याच्या गुणाची गोष्ट याहून जुनी. १९५० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियातल्या ओलोमोउत्स विद्यापीठात भांगेच्या अर्काने जंतू मरताना दिसले. १९७६ मध्ये दोघा डच संशोधकांनी मोजमाप केलं: मिलिलिटरला १ ते ५ मायक्रोग्रॅम टीएचसी किंवा कॅनाबिडिऑल घातलं की स्टॅफिलोकोकस गारद, स्ट्रेप्टोकोकसही गारद. ई. कोलायसारखे बाहेरून जादा चिलखत घातलेले जंतू मात्र ढिम्म हलले नाहीत. २००८ मध्ये तर नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसनेही या झाडातल्या पाच द्रव्यांपुढे हात टेकले. इथवर वाचून चिलीमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. पण त्या डच मंडळींनी बशीत थोडं रक्तही घालून पाहिलं होतं, आणि सगळी मिजास उतरली. तोच परिणाम साधायला सुमारे दहापट मात्रा लागू लागली. हे रेणू तेलकट स्वभावाचे. ते रक्तातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात आणि जंतूंच्या वाट्याला फारसे उरत नाहीत. बशीत सगळेच वाघ असतात. बशीत लसूण जंतू मारतो, फरशी पुसायचं फिनेल तर मारतंच मारतं. माणसाच्या अंगात रक्त असतं, ही औषध शोधणाऱ्यांची जुनी अडचण आहे.

आणि गंमत पाहा, जंतुनाशक म्हणून मिरवणाऱ्या या झाडाच्या फुलोऱ्याला स्वतःलाच बुरशी लागते. नीट न सुकवलेल्या गांज्यात अ‍ॅस्परजिलस माजते. प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांनी असा गांजा ओढला आणि बुरशी थेट फुफ्फुसात गेली, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. धुराचं तर बोलूच नये. अँटिऑक्सिडंट मिळवण्यासाठी धूर ओढणं म्हणजे ऑक्सिडंटांना वाजतगाजत घरी आणणं.

मुळात अँटिऑक्सिडंट म्हटलं की ते चांगलंच, हेही कुणी सांगितलं? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के जास्तच आढळला. तेव्हापासून शास्त्रज्ञ या विषयावर जपून बोलतात. चहाच्या पुड्यांवरचा मजकूर लिहिणारे बोलत नाहीत.

या झाडाला खरा मान मिळाला तो भलत्याच कामासाठी. लहान मुलांत सुरू होणाऱ्या, एरवी आटोक्यात न येणाऱ्या दोन प्रकारच्या अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचं औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. ते रीतसर चाचण्यांतून, तोलूनमापून दिलेल्या मात्रेत आलं, पेल्यातून नव्हे. जंतू मारण्यासाठी मात्र तिथे भांगेचं एकही औषध अजून मंजूर झालेलं नाही. तेव्हा गुडघा फुटलाच तर साबणाने धुवा, आयोडीन लावा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते जरा आठवून बघा.