बेंबी आत घे गो बाये!

काय दिवस आले बघा! गेल्या चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी उतरले, आणि पेढ्यांचे बॉक्स नि मखराच्या झालरींबरोबर एक जाडजूड रबरी वळकटीही उतरली. आपल्याला वाटलं, निजायची सोय केलीय पोरांनी. कसली निजायची! पहाटे बघतो तर सूनबाई ओटीवर उताणी, पाय हवेत, तेही थेट गणपतीच्या दिशेने! डोकं अर्धवट उचललेलं आणि दोन्ही हात जमिनीलगत टपाटप वर-खाली. आजी दारातूनच ओरडली, "काय गो, डास चावतत काय?"

"नाही हो आजी, हंड्रेड चाललंय."

म्हणजे शंभर वेळा हात हलवायचे. पाच हेलकाव्यांत श्वास आत, पाचांत बाहेर, अशी दहा आवर्तनं. बाप्पा बिचारा एकवीस मोदकांत खूश होतो, हिला शंभर लागतात!

दुपारपर्यंत सगळ्या आवाठात बातमी. व्यायामाचं नाव काय तर पिलाटे. कुणी पायलेट्स म्हणालं, झालं! चिपीला 2021 साली विमानतळ सुरू झाला, म्हणून हिला पायलटची नोकरी लागली असं मच्छीबाजारात पसरलंसुद्धा. आणि पायात काय? मोजे! तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे! ज्या मालवणात माणसं लग्नालासुद्धा चपला काढून मोकळी होतात, तिथे घाम गाळायला मोजे घालायचे?

पुढचं तर ऐकाच. मुंबईत म्हणे यासाठी एक यंत्र असतं, रिफॉर्मर. लांबट चौकट, तिच्यात पुढेमागे सरकणारी गादी, गादीला स्प्रिंगा, डोक्याशी दोऱ्या. त्यावर झोपून दोऱ्या ओढायच्या आणि वर पैसेही मोजायचे! अहो, चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा दोर ओढणाऱ्याच्या हातात चार बांगडे तरी पडतात. इथे पडते पावती!

हे खूळ काढलं कुणी? जोसेफ पिलाटे नावाच्या जर्मनाने. जन्म 1883 चा. लहानपणी दमा, मुडदूस, नको नको ते सगळं. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शत्रुदेशाचा माणूस म्हणून त्याला छावणीत डांबला, पुढे आयल ऑफ मॅन बेटावर नेऊन टाकला. आता बेटावर माणसाने काय करावं? आपल्या महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला. हा बाबा बेटावर बसून आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावत होता म्हणतात, अंथरुणातल्या माणसाला पडल्या पडल्या हातपाय हलवता यावेत म्हणून! 1926 ला न्यूयॉर्क गाठलं, सहचारिणी क्लारासोबत व्यायामशाळा थाटली, आणि जॉर्ज बॅलनशीन, मार्था ग्रॅहम यांच्यासारखी नृत्यातली मोठी माणसं त्याच्या दारी. नाचताना कुणाचं काही लचकलं की चला जोसेफकडे! तो स्वतः याला कंट्रोलॉजी म्हणायचा. 2000 साली तिथल्या कोर्टाने सांगितलं की पिलाटे हे व्यायामाच्या प्रकाराचं नाव आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. झालं, रान मोकळं! आता कुणीही उठावं आणि पाटी लावावी.

मुंबईत पिलाटे शिकवणाऱ्या यास्मिन कराचीवालांनी कतरिना-दीपिकाला या स्प्रिंगांना टांगलं, मग आपल्या सुनांनी का मागे राहावं?

पण एक विचारू? नावं ठेवणारे आपण काय धुतल्या तांदळाचे? तारकर्लीच्या एका स्कुबावाल्या पोराचंच ऐका. सिलिंडर उचलून उचलून कंबर धरली होती त्याची. फिजिओथेरपिस्टने त्याला आडवा पाडला आणि म्हणाला, बेंबी आत ओढ, कण्याला टेकव, आता पाय उचल, पण हळू. हळू! आयुष्यात कुणी हळू म्हटलं नव्हतं त्याला. पोटाच्या आत म्हणे एक स्नायू कमरपट्ट्यासारखा गुंडाळलेला असतो. रापण ओढताना आपण तो विसरतो आणि सगळा भार कण्यावर टाकतो. पिलाटेत आधी तो पट्टा आवळायचा, मगच हातपाय हलवायचे. झोपून करायचं म्हणजे दुखऱ्या गुडघ्यावर अंगाचा भार नाही. यंत्रावर एखादी स्प्रिंग काढली की ओझं कमी, लावली की जास्त, त्यामुळे ऑपरेशन झालेल्या सांध्यालाही झेपेल तेवढंच काम देता येतं. अर्थात कंबरेतून पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर गाठा, व्हिडिओ नको.

आणि 2015 साली वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी कंबरदुखीवर पिलाटेच्या 10 चाचण्या, 510 रुग्ण तपासले. निष्कर्ष काय, तर इतर व्यायामांपेक्षा हे सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. हे कळल्यावर आपल्याला कोण आनंद! बघा, सांगत नव्हतो? पण त्यातच असंही आहे की जवळपास काहीच न करण्यापेक्षा हे बरं. ते वाक्य आपण हळूच गिळलं. काहीच न करण्यात तर आपण पटाईत!

मग मला सांगा, जेवणं झाल्यावर हल्ली दारं का लागतात? माजघरातली चटई खोलीत कशी पोचते? आणि शेजारची काकी आडाळ्यावर खोबरं किसताना पोट आत ओढून काय पुटपुटत असते, रामरक्षा? रामरक्षेत सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव कधीपासून आलं?

परवा भर दुपारी आमच्याच आजीच्या खोलीत डोकावलो. खाटेवर उताणी, डोकं उशीवर, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात गोधडीवर टपाटप वर-खाली.

"काय गो आजी, काय करतंस?"

"काय नाय रे," डोळे न उघडताच ती म्हणाली, "डास मारतंय."