पामरसाहेब, कंबरेपाशी थांबला असतात तर!

श्री. डॅनियल डेव्हिड पामर यांस,
मु. पो. डेव्हनपोर्ट, आयोवा, अमेरिका
(हल्ली मुक्काम परलोक)

स. न. वि. वि.

आपण १९१३ साली वारलात, तेव्हा हे पत्र जरा उशिराच पोहोचणार. पण परलोकाशी टपालव्यवहार ठेवण्याचं आपल्याला वावडं नव्हतं. कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे मणके दाबून रोग घालवण्याचं, ज्ञान आपल्याला डॉ. जिम ॲटकिन्सन नावाच्या दिवंगत डॉक्टरच्या आत्म्याने दिलं, असं आपण स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यांचं टपाल आपण घेतलंत, आता आमचंही घ्या.

आपली कीर्ती आमच्या मोबाईलपर्यंत येऊन ठेपली आहे. रात्री अकरा वाजता कंबर शेकत पडलेल्या माणसासमोर रीलमधून आपले वंशज प्रकटतात. टेबलावर एक तरुण उताणा, त्याच्या हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल, मानेपाशी चिमटा लावून बसवलेला माइक. एक हिसका, आणि कडाड! तरुण आधी दचकतो, मग हसतो, मग डोळे पुसतो. तेवढ्यात खाली अपॉइंटमेंटचा नंबर झळकतो. हाड काय बोललं हे कोणी विचारत नाही. ते मोठ्याने बोललं एवढ्यावर लोक खूश.

या सगळ्याचं मूळ आपल्या दवाखान्यात आहे. किराणा, मधमाश्या आणि गोल्डफिश हे धंदे करून झाल्यावर आपण हातातल्या चुंबकशक्तीने रोग बरे करू लागलात. १८ सप्टेंबर १८९५ रोजी आपल्या इमारतीत साफसफाईचं काम करणारे हार्वी लिलार्ड आपल्यासमोर आले. सतरा वर्षांपासून कानाने अधू. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सटकलं आणि ऐकू येईनासं झालं, असं ते म्हणाले म्हणे. आपण मणका चाचपलात, दाबलात, आणि लिलार्डना ऐकू येऊ लागलं! त्यांच्या मुलीने मात्र पुढे निराळीच हकिगत सांगितली. गप्पांच्या ओघात विनोद रंगला, आपण खुशीत येऊन तिच्या वडिलांच्या पाठीत पुस्तक हाणलंत आणि काही दिवसांनी त्यांना बरं ऐकू येऊ लागलं. खरं काय ते आपल्यालाच ठाऊक. एका थापेवर एवढा मोठा धंदा उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

एक किरकोळ अडचण तेवढी आहे. ऐकण्याची नस आतल्या कानातून निघते आणि कवटीतल्या कवटीत मेंदूला जाऊन मिळते. पाठीच्या कण्यात ती उतरतच नाही. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! पण बंबवाल्याचा उत्साह पाहून आपण सबंध गावालाच आग लागल्याचं जाहीर केलंत. १९१० च्या आपल्या ग्रंथात शंभरातले पंचाण्णव रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा निकाल दिलात. उरलेले पाच? ते इतर सांधे सरकल्यामुळे. जंतूंच्या वाट्याला काहीच ठेवलं नाहीत.

कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच दाखवून दिला होता. १८९७ च्या जानेवारीत प्लेगने हवालदिल झालेल्या मुंबईत हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्याच साली आपण डेव्हनपोर्टात आपल्या विद्येची शाळा काढलीत आणि पुढे लसीकरणावर तोंडसुख घेतलंत. आपण मुंबईत असतात, तर प्लेगच्या रोग्याचे मणके मोजत बसला असतात.

आता त्या आवाजाबद्दल. तो हाड जागेवर बसल्याचा नसतो, साहेब. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. सोड्याच्या बाटलीचं बूच काढावं, तसंच. १९७१ मध्ये इंग्लंडातल्या संशोधकांनी बोटांच्या सांध्यांवर याचा अभ्यास केला आणि २०१५ मध्ये कॅनडात एमआरआयखाली ही पोकळी बनताना प्रत्यक्ष पाहिली गेली. बोट मोडलं की ते पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं जावी लागतात. हाड खरंच सरकलं असतं आणि बसवलं असतं, तर ते वीस मिनिटांनी पुन्हा कसं वाजलं असतं?

एवढं वाचून आपली विद्या सपशेल खोटी आहे असं मी म्हणतोय, असं समजू नका. माझी खरी तक्रार त्याच्या उलट आहे. २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत मणके दाबण्याच्या उपचाराने शंभराच्या मापावर सरासरी दहाएक गुणांचा उतार पडलेला दिसला. जुनाट कंबरदुखीतही तो व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या तोडीस तोड ठरतो, त्यांच्या वरचढ नाही. इंग्लंडची सरकारी मार्गदर्शक सूचना त्याला मान्यता देते, पण व्यायामाच्या जोडीने. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते हेही खरं. त्यामुळे कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडतेच. तरीही दहा गुण म्हणजे दहा गुण. ठणकणाऱ्या कमरेला तेही कमी नाहीत.

आणि आपल्या विरोधातली डॉक्टरमंडळीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर बेकायदा बहिष्कार घातला होता, असा निकाल १९८७ मध्ये तिथल्याच न्यायालयाने दिला.

म्हणजे कमरेपाशी थांबला असतात, तर आज आपलं नाव फिजिओथेरपीच्या शेजारी मानाने घेतलं गेलं असतं. पण आपण वर चढत गेलात. आणि वर मान आहे. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात. त्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या ओवलेल्या असतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेऊन त्या कवटीत शिरतात. मानेला हिसका देण्याचा आणि या वाहिनीचं अस्तर फाटून पक्षाघात होण्याचा संबंध अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात नोंदवला. असं क्वचितच घडतं. काही रोग्यांची वाहिनी आधीच फाटलेली असते आणि त्याच दुखण्यामुळे ते मान दाखवायला आलेले असतात, हेही खरं. पण मग मान धरण्याआधी ते ओळखायला नको?

आपल्या वंशजांना कोणी जाब विचारला, तर ते कोर्टात खेचतात. विज्ञानलेखक सायमन सिंग हे पंजाबातून ब्रिटनला गेलेल्या आईवडिलांचे चिरंजीव. बाळाचा पोटशूळ, दमा, कानाचा संसर्ग यांवर कण्याचे उपचार चालतात या दाव्याला पुरावा नाही, असं त्यांनी २००८ मध्ये लिहिलं. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने पुरावा आणण्याऐवजी अब्रुनुकसानीचा दावा आणला. २०१० मध्ये अपील न्यायालयात सिंग यांची सरशी झाली आणि दावा मुकाट्याने मागे घेतला गेला. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक मंडळानेच सांगून टाकलं की, सरकलेल्या मणक्याने रोग होतात या आपल्या सिद्धांताला संशोधनाचा आधार नाही. घरच्यांनीच घरचा आहेर दिला, पामरसाहेब!

तेव्हा निकाल असा: आपण पाठीला हात लावलात, हा गुन्हा नव्हे. हाताला जे जमत होतं, त्याच्या कितीतरी पुढे आपली जीभ गेली, हा गुन्हा.

कळावे, लोभ आवरावा ही विनंती.

आपला,
एक कंबरदुखीवाला

ता. क. (वाचकांसाठी) : कंबर धरली असेल तर अंथरूण धरू नका, झेपेल तेवढं चालत राहा. पाय बधिर किंवा लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर रील बंद करून थेट रुग्णालय गाठा. तज्ज्ञाकडून कंबर मोकळी करून घ्यायची असेल तर खुशाल घ्या, आधी नीट तपासणी आणि सोबत व्यायाम, या अटीवर. मानेला मात्र कोणालाही हिसका देऊ देऊ नका. आणि मणका दाबून मधुमेह, दमा किंवा बहिरेपण घालवतो असं कोणी म्हणालं, तर तिथून मुकाट्याने उठून घरी या.