चर्चेविना चर्चासत्र

प्रति,
समन्वयक, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष

आदरणीय सर,

आजच्या पेपरात आपल्या कॉलेजची बातमी वाचली. 'राष्ट्रीय चर्चासत्र उत्साहात संपन्न.' शेवटच्या ओळीत म्हटलंय की, प्रमुख वक्त्यांनी विद्यार्थ्यांच्या शंकांचं समाधानकारक निरसन केलं. सर, मी पहिल्या रांगेत होतो. फाइलला एक माजी विद्यार्थी लागतो म्हणून तुम्हीच मला तिथं बसवलं होतंत. हे निरसन नेमकं झालं कधी? मी हात धुवायला गेलो होतो तेव्हा?

तरीही अभिनंदन करतो. दहाचा कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तेवढी वाट पाहायला आपण सगळेच तयार होऊन येतो. दीपप्रज्वलन झालं आणि कळलं की मोबाइलवरच्या फोटोत अक्षांश-रेखांश उमटलेच नाहीत. मग समई विझवली आणि पाहुण्यांना पुन्हा पेटवायला लावली. दिवा मालवणं अशुभ असेल, पण जिओटॅग नसलेला फोटो त्याहून अशुभ. अक्षांश-रेखांश मला तुम्हीच शिकवलेत. ते कशासाठी असतात हे मात्र परवा कळलं.

सत्कारांबद्दल लिहीत नाही. शाली फार होत्या.

वक्ते आले होते ते क्षारपड जमिनीवर बोलायला. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात याहून जिव्हाळ्याचा विषय दुसरा कुठला? भूगोलाच्या मुलांना तर तो बांधावर उभं राहून दिसतो. म्हातारा माणूस, पण आवाज खणखणीत. काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाट सोडून पाणी दिलं, निचरा झाला नाही, की खालचं पाणी वर चढतं. उन्हानं पाणी उडून जातं आणि मीठ तेवढं वर बसतं, हे त्यांनी फळ्यावर चार रेघांत दाखवलं. जमिनीखाली भोकांचे पाईप पुरून ते पाणी कसं काढायचं, इथपर्यंत आले आणि त्यांच्या हातात चिठ्ठी पडली. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना लग्नाला जायचं होतं. त्यांची भाषणं सव्वा तास चालली, वक्त्यांचं पंचवीस मिनिटांत आवरलं.

आणि तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. पहिल्या वर्षाची असावी. तिनं हात वर केला नाही, सरळ विचारलं, "सर, आमचं दीड एकर पांढरं पडलंय. पाईप घातल्यावर ते खारं पाणी जाणार कुठं? नदीतच न्हवं? मग खालच्या गावांनी काय करायचं?"

वक्त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. चेहरा उजळला होता त्यांचा. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी माइक घेतला: वेळेअभावी प्रश्नोत्तरांचं सत्र घेता येणार नाही, भोजनाची व्यवस्था तळमजल्यावर आहे, आणि सर्वांनी गटावर पाठवलेला अभिप्राय फॉर्म भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र मिळणार नाही. तो फॉर्म गटावर सकाळीच येऊन पडला होता, व्याख्यान सुरू होण्याआधी.

सर, इथं मला उपरोध जमत नाही. त्या दिवशी सभागृहात एकच खरी गोष्ट घडली आणि आपण ती जेवणाच्या घंटेखाली दाबली. निचऱ्याचं पाणी शेवटी जातं कुठं, हा प्रश्न या भागातल्या प्रत्येक शेताच्या टोकाला उभा आहे. तो विचारायला एका पोरीनं धीर केला, आणि कॉलेजनं तिला काय शिकवलं? की बस खाली. हे करून वर छापून आणलं की शंकानिरसन झालं!

या फाइली जिच्यासाठी, ती कॉलेजांचं मूल्यमापन करणारी नॅक 1994 साली स्थापन झाली ती त्यांनी आरशात बघावं म्हणून. आता आपण आरशाचेच फोटो काढून पाठवतो. 2025च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांना अटक केली. त्या मानानं आपण सज्जन. आपण फक्त बातमी आधी लिहितो.

आणखी एक. खुर्च्या लावणारा, फोटो काढणारा, रात्री बसून अहवाल लिहिणारा तो नेट पास झालेला मुलगा तासिका तत्त्वावर आहे. चर्चासत्रामुळे त्या दिवशी तास झाले नाहीत, म्हणजे त्याच्या मानधनाच्या बिलात तो दिवसच नाही. गुणवत्तेची हमी देणाऱ्या कक्षानं यावर विचार केला असेलच.

तुमच्यावर एवढं तोंडसुख घेतोय, पण निघताना तुम्ही माझा खांदा धरून हळूच म्हणालात, "पोरीचा प्रश्न भारी होता रे." म्हणजे तुम्हीही ऐकला होतात. आणि लगेच कुणी तरी नॅकच्या तिसऱ्या निकषाची फाइल विचारायला आलं आणि तुम्ही गेलात. आम्ही शिकत होतो तेव्हा विभागात तीन प्राध्यापक होते. दोघं निवृत्त झाले, जागा भरल्या नाहीत, आणि त्यांचं काम करून तुम्ही हे फोल्डर भरता. आम्हाला नदीकाठी नेऊन गाळाचे थर मोजायला लावणारा माणूस आता उपस्थितीच्या सह्या मोजतो. राग कुणावर काढावा हेच कळेनासं होतं. पण माइक बंद झाला तेव्हा तुम्ही व्यासपीठावर होतात. "दोन मिनिटं थांबा" एवढं म्हणायला कुणाची मंजुरी लागत नव्हती.

अहवाल अजून वर चढवलेला नसेल, तर 'फलनिष्पत्ती'च्या रकान्यात तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत घाला. वक्त्यांचा फोन नंबर तुमच्याकडे आहे, तो तिला द्या.

आपला विद्यार्थी,
एक माजी विद्यार्थी (फोटोत डावीकडून दुसरा)

ता. क. ई-प्रमाणपत्र मिळालं. मी फॉर्म भरला नव्हता. त्यावर मी शोधनिबंध सादर केल्याचं लिहिलं आहे. विषय कोणता होता तेवढं कळवावं.