हँग होणाऱ्या संगणकाची चिकित्सा: शहागंजातील गृहस्थांसाठी

असेंबल केलेला संगणक म्हणजे ज्याचा प्रोसेसर एका दुकानातून, मदरबोर्ड दुसऱ्या दुकानातून, मेमरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि हे सर्व निवडण्याची अक्कल एकाच भाच्याकडून घेतलेली असते, असा संगणक होय. कंपनीचा तयार संगणक बिघडला, तर गृहस्थ कंपनीच्या नावाने बोटे मोडून मोकळा होतो; असेंबल केलेला बिघडला, तर प्रत्येक दुकानदार दुसऱ्याच्या मालाकडे बोट दाखवतो आणि प्रकरण अखेर बहिणीच्या कानावर जाते. म्हणून अशा संगणकाच्या चिकित्सकाला तांत्रिक ज्ञानाइतकेच आप्तसंबंधांचेही भान असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत विवेचन हँग होणे या एकाच विकारापुरते आहे. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते, माउस कितीही फिरवला तरी बाण हलत नाही आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही, त्या अवस्थेला हँग होणे म्हणतात. संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणे हा निराळा विकार असून त्याचेही रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात पुष्कळ आहेत.

चिकित्सेचा आरंभ निरीक्षणाने करावा, स्क्रू ड्रायव्हरने नव्हे. संगणक थिजला की पडद्याच्या कोपऱ्यातील घड्याळही थिजते, आणि ते ज्या मिनिटावर थांबले असेल, ते मिनिट टिपून ठेवणे हे पहिले कर्तव्य होय. शहागंजच्या चौकातील निजामकालीन घड्याळ मनोरा स्मार्ट सिटी योजनेतून दुरुस्त होण्यापूर्वी बंद घड्याळाखालून ये-जा करण्याची सवय येथील रहिवाशांना झालेलीच होती. तेव्हा हे काम त्यांना जड जाऊ नये. वेळेबरोबर घरातला कूलर चालू होता काय, दिवे क्षणभर मंद झाले होते काय, याचीही नोंद घ्यावी. मात्र ही नोंद मामींच्या दुधाच्या वहीत घेऊ नये, कारण महिनाअखेरीस ‘४.१०, कूलर चालू’ या मजकुराचा हिशेब दूधवाल्यापुढे लावावा लागतो. त्यानंतर कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. कीबोर्डवरचा त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर गाभा जिवंत असून एखादा प्रोग्रॅम किंवा हार्ड डिस्क अडली आहे असे समजावे; दिवा ढिम्म राहिला, तर दोष खोलवर, म्हणजे मेमरी, प्रोसेसर, वीजपुरवठा किंवा एखादा ड्रायव्हर यांपैकी कोठेतरी आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद आढळते आणि अनेक गृहस्थ ती पाहून हर्षभरित होतात. परंतु मागच्या खेपेस संगणक रीतसर बंद झाला नाही, एवढेच ती सांगते, आणि तेवढे तर गृहस्थास, त्यानेच बटण दाबले असल्यामुळे, आधीच ठाऊक असते.

या टप्प्यावर पुण्यात राहणाऱ्या भाच्याला फोन लावला जातो आणि तिकडून उत्तर येते: “मामा, फॉरमॅट मारून टाका.” फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील सर्व मजकूर पुसून विंडोज नव्याने बसवणे. हा उपाय सांगणाऱ्यास काहीच करावे लागत नाही आणि करणाऱ्याचा रविवार जातो, लग्नाचे फोटो जातात, घरपट्टीच्या पावत्या जातात, आणि सोमवारी संगणक पूर्ववत हँग होतो. वास्तविक, लिनक्स घातलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक दोन-तीन तास चालवून पाहिला, तर काहीही न पुसता निवाडा होतो: तेथेही तो हँग झाला, तर विंडोज निर्दोष आहे. हे भाच्याला ठाऊक नाही असे नाही. त्याला फोन ठेवायची घाई असते.

विंडोज निर्दोष ठरले, तर आधी मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, कण झटकावेत आणि दोन्ही टोकांना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत ती बसवावी. पट्ट्या दोन असल्यास एकेक लावून चालवून पाहावी. संगणक सुरू होताच जागा होणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रॅममध्ये मेमरीचा वेग वाढवणारी एक्सएमपी नावाची सोय भाच्याने चालू केलेली असते. ती बंद करावी आणि त्याला सांगू नये.

उष्णतेचे प्रकरण मात्र विस्ताराने पाहणे भाग आहे. प्रोसेसर साधारणपणे ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतो आणि त्या मर्यादेजवळ स्वतःचा वेग कमी करतो. त्याच्या डोक्यावर धातूचा पंखेदार तुकडा बसवलेला असून, दोहोंमधील सूक्ष्म फट भरण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचा लेप वाटाण्याएवढा लावलेला असतो. कालांतराने हा लेप वाळतो, आणि चौकातील रहदारीची धूळ धातूच्या पात्यांत घट्ट बसते. मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरचे तापमान ४० अंशांवर गेले की आत शिरणारी हवाच तापलेली असते. त्यातच मामींनी जुन्या पडद्याचे शिवलेले कव्हर धुळीपासून रक्षणासाठी संगणक चालू असतानाही घातलेले राहते, आणि मामांनी गारव्याच्या सदिच्छेने घरातल्या कूलरचे तोंड कॅबिनेटकडे वळवलेले असते. कूलरची हवा गार असते, पण ओलीही असते, आणि तिच्याबरोबर उडणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या थेंबांनी बोर्डावर पांढरे डाग पडतात. कूलरचे तोंड माणसांकडे ठेवावे. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून मगच फुंकणी लावावी, नाही तर पंखा भलत्या वेगाने फिरून निकामी होतो.

आता एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा. असेंबल केलेल्या संगणकांत हा डबा पुष्कळदा कॅबिनेटसोबत फुकट आलेला असतो आणि त्यावर ४५० वॅट असे छापलेले असते. छापायला शाईखेरीज काही लागत नाही. खर्चाची यादी तपासता असे दिसते की, काचेच्या दारावर आणि रंग बदलणाऱ्या पंख्यांवर भाच्याने सढळ हाताने खर्च केला, आणि चांगल्या एसएमपीएसची गोष्ट त्याने काढली, तेव्हा “पेटीबरोबर आलाय ना एक?” असा प्रश्न दुसऱ्याच कोणी विचारला. तो कोणी विचारला याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. संगणकावर काम चालू असताना मल्टीमीटरने मोजल्यास १२ व्होल्टची तार ११.४ आणि १२.६ यांच्या दरम्यान राहिली पाहिजे; फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताच ती खाली घसरत असेल, तर पुढील संशोधन थांबवून डबा बदलावा.

या तपासणीच्या ओघात कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे जाणावे. एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर थोडी वीज पत्र्याकडे सोडतात. तिला जमिनीत जायला वाट नसली, की पत्रा पुरवठ्याच्या जवळजवळ निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. जुन्या वाड्यांतील लाकडी बोर्डांवर तीन पिनांचे सॉकेट असले तरी त्याच्या मोठ्या भोकामागे तार असेलच असे नाही. काही घरी तर ती जाड पिन अडते म्हणून मोडून टाकलेली आढळते. उपाय म्हणजे वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा करवून घेणे आणि उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणे. नाथसागर जलाशय भरलेला असतानाही ज्या शहरात नळाला दिवसाआड नव्हे, तर कित्येक दिवसांआड पाणी येत आले आहे, तेथे ही बादली खड्ड्यात ओतणाऱ्याने मामी देवळात गेल्या आहेत याची आधी खात्री करावी.

क्वचित दोष खरोखर प्रोसेसरचाच असतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर जादा व्होल्टेज मागून अस्थिर होतात, हे त्या कंपनीने २०२४ साली मान्य केले, मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरची अंतर्गत आज्ञावली, सुधारून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत केल्याने ही सुधारणा मिळते. ते काम चालू असताना लाइट गेली, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी आधी तपासावी.

एवढे करूनही निदान होत नाही, त्याचे कारण ऋतुमानात आहे. लहानपणी भाचा दर मे महिन्यात मामाकडे येई, कूलरसमोरची जागा अडवून महिनाभर मुक्काम करी आणि घरातला रेडिओ खोलून ठेवी; तो पुन्हा जोडण्याची जबाबदारी त्याने कधी घेतली नाही. नोकरी लागल्यापासून तो दिवाळीत दोन दिवस येतो. बॅगेतून फराळाच्या आधी स्क्रू ड्रायव्हर निघतो, मामी हाका मारीत राहतात, आणि गार हवेत संगणक तासन्‌तास बिनतक्रार चालतो. “मामा, याला काही झालेलं नाही, तुम्हीच एका वेळी दहा खिडक्या उघडता,” असा निष्कर्ष काढून तो पुण्याची बस पकडतो. मेमधला विकार दिवाळीत तपासणाऱ्या वैद्यास दुसरे काय सापडणार?

तस्मात भाच्यास मे महिन्यातच बोलवावे. निरोपात संगणकाचा उल्लेख करू नये; केशर आंबे आले आहेत एवढेच सांगावे, आणि मुक्काम किमान चार दिवसांचा ठरवून घ्यावा, कारण दुपारी चारच्या सुमारास येणारा हँग पाहिल्याखेरीज त्याची खात्री पटणार नाही. येताना थर्मल पेस्टची नळी आणि त्याच्या पसंतीचा एसएमपीएस आणण्यास सांगावे. किमतीबाबत या खेपेस घासाघीस होणार नाही, हे बहिणीकरवी कळवावे.