भुताचा भाव

"काहून वं, मसुरीले एका रात्रीचं भाडं किती असन?"

काकूंनी तुरीच्या शेंगांचं टोपलं कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं तेव्हाच मी ओळखलं, आज त्यांच्याकडे सोलेभात आहे आणि सोले निघेपर्यंत माझी काही सुटका नाही. मीही मूठभर शेंगा माझ्याकडे ओढल्या.

"कोण चाललंय मसुरीला?"

"आमचा पोट्टा अन् त्याचे दोस्त. भूत पाहाले! सॅव्हॉय म्हणून हॉटेल आहे, तिथं म्हणे रातच्याला मडम फिरते. आम्ही लहानपणी पिंपळाखालून जाताना मुंजाच्या भेवानं रामरक्षा म्हणत पळत होतो. अन् हे पैसे भरून चालले. वरून जीएसटी!"

म्हटलं, काकू, मडम मात्र खरी होती हो. फ्रान्सिस गार्नेट-ऑर्म तिचं नाव. १९११ साली त्या हॉटेलात उतरली आणि खोलीत मेलेली सापडली. विषप्रयोग. प्लँचेट करायचं, काचेच्या गोळ्यात भविष्य बघायचं, असले नाद तिला आणि तिच्या मैत्रिणीला. मैत्रिणीवर अलाहाबादेत खटला चालला, ती निर्दोष सुटली, आणि विष कोणी घातलं ते राहिलंच. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी १९२० सालची, तिचं बीज याच प्रकरणात आहे असं बरेच जण म्हणतात.

"म्हणजे मेली ते मेली, अन् शंभर वर्षांनंतरही लोकं तिच्यापायी खोली मागून राहिले. तिच्या माहेरच्यांले काही भेटते का त्यातलं?"

काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. अमेरिकेतलं स्टॅन्ली हॉटेल तरी काय? १९७४ साली हंगाम संपता संपता स्टीफन किंग तिथं बायकोबरोबर एक रात्र राहिला, हॉटेल जवळपास रिकामं. त्यातून त्याची 'द शायनिंग' ही कादंबरी निघाली, आणि आता तिथं तिकीट लावून भुताची सहल काढतात.

पण मला खरा राग आहे तो मुंबईच्या ताजच्या भुताचा. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते : इंग्रज आर्किटेक्टनं नकाशा काढला, विलायतेला गेला, परत येऊन बघतो तर हॉटेल उलटं बांधलेलं, तोंड गावाकडे आणि पाठ समुद्राकडे. झालं, त्यानं वरून उडी टाकली, आणि तेव्हापासून तो जिन्यात भेटतो. सगळं थोतांड. मूळ आराखडा आपल्या रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचा, सोबत डी. एन. मिर्झा. वैद्य १९०० साली मलेरियानं गेले, काम अर्धवट राहिलं. मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं ते पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. दार गावाच्या बाजूला ठेवलं ते जाणूनबुजून, खोल्यांना समुद्र मिळावा म्हणून. आता बघा, बांधणारा मराठी माणूस डासानं मेला, त्याची कोणाला आठवण नाही. जो उडी मारून मेलाच नाही, त्याचं भूत मात्र घरोघरी माहीत!

"अन् ताज म्हणजे टाटांचं ना? आपल्या एम्प्रेस मिलवाल्यांचं?"

हो तर. जमशेदजींनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल काढली, ताज पुढचं. काकूंचे सासरे त्याच मिलमध्ये जॉबर होते, त्यामुळे त्यांना ताजमध्ये आपलाही थोडा वाटा असल्यासारखं वाटतं. मिल २००२ साली बंद पडली. त्या जागेवर आता मॉल उभा आहे, भुताला जागाच उरली नाही.

"मंग आपल्या नागपुरात भूत नाहीच का?"

मी म्हटलं, सिव्हिल लाइन्सला चला. आमदार निवास, रविभवन. एरवी अंधार, आणि डिसेंबर आला की एकाएकी सगळ्या खिडक्यांत दिवे, आत माणसं येरझाऱ्या घालतात, रात्री-बेरात्री कागद फिरतात, आणि पंधरवड्यात सगळं गायब. राजधानी १९५६ ला गेली, त्यानंतर भरू लागलेल्या हिवाळी अधिवेशनाचा हा चमत्कार. काकू इतक्या हसल्या की सोले भिंतीपलीकडे सांडले.

पण त्यांनी सीताबर्डीचा किल्ला काढल्यावर मीच विचारात पडले. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज तिथं भिडले, त्या टेकडीवर शेकडो माणसं मेली. तिथंच नवगजी बाबांची लांबलचक कबर आहे. टिपू सुलतानाच्या वंशातला नवाब कादर अली आणि त्याचे आठ साथीदार १८५७ मध्ये फाशी गेले, ते तिथं पुरलेत असं सांगतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी लष्कर किल्ला उघडतं, तेव्हा लोक मुलांना कडेवर घेऊन जातात, कबरीला हात जोडतात. भ्यायचं कोणाच्या मनातही येत नाही. मग भूत राहतं तरी कुठं? मागच्या गल्लीतल्या बंद बंगल्यात.

त्या बंगल्याचं सांगते. पावसाळ्यात रात्री तिथून अशी किंकाळी यायची की गुरख्यानं ती गल्लीच सोडली. शेवटी आमचे हे टॉर्च घेऊन गेले, मागे मी. झरोक्यात पांढराफटक, बदामाच्या आकाराचा चेहरा, आणि दोन काळे डोळे आमच्यावर रोखलेले. गव्हाणी घुबड. खाली फरशीवर काळ्या गोळ्यांचा खच पडलेला. एक गोळी काडीनं फोडली तर आत उंदराची हाडं आणि इवलीशी कवटी, दातांसकट. घुबड उंदीर आख्खा गिळतं आणि न पचलेलं असं ओकतं. सकाळी सगळ्या गल्लीला सांगितलं. कोणाला पटलं नाही. बंगला रिकामा का, तर तीन भावांची वीस वर्षांची केस आहे, हेही सगळ्यांना माहीत, पण भूत सांगण्यात जी रंगत आहे ती तारखांमध्ये कुठली?

"मंग जाऊ देऊ म्हणते का पोट्ट्याले?"

जाऊ द्या की. फक्त बजावून सांगा, थंडी आहे म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नकोस. १९२१ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरनं एका कुटुंबाची हकीकत छापली होती. घरात पावलं वाजायची, रात्री माणसं दिसायची, डोकं जड, लेकरं पांढरी पडलेली, कुंड्यांतली झाडंसुद्धा मेली. भट्टीचा धूर घरात शिरत होता, कार्बन मोनॉक्साइड. भट्टी दुरुस्त केली, भूत गेलं. मडम नाही मारायची त्याला, शेगडी मारेल.

"अन् खरंच दिसली तर? आपल्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचं लाखांचं बक्षीस आहे ना? भाडं निघून जाईन."

म्हटलं, नुसतं दिसून नाही चालत, सिद्ध करावं लागतं. आणि भुताची भीती घालून लोकांना छळणाऱ्यांविरुद्धचा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये इथंच, नागपूरच्या अधिवेशनात झालाय.

काकूंचा हात एकदम थांबला. इकडे-तिकडे बघून त्या भिंतीला खेटल्या.

"मंग हळू बोल. तो मागचा बंगला सुटला ना केसमधून. बिल्डरनं घेतला, फ्लॅट स्कीम होऊन राहिली. आम्ही जावयासाठी एक टू बीएचके पाहून राहिलो. बिल्डरचा माणूस उद्या येते. तू फक्त कठड्यावर उभी राहून एवढंच म्हण, की रातच्याला तिथून आवाज येते. घुबडाचं नाव काढू नको बाई, स्क्वेअर फुटामागं दोनशे रुपये तरी तुटतीन."