राखाडी, बहुधा

फुलपाखरं ओळखायला फारशी अक्कल लागत नाही, असं माझं (फुलपाखरूवाल्या मित्रांपासून लपवलेलं) मत आहे. ब्लू मॉरमॉन समोरून गेलं की शाळकरी पोरही नाव सांगतं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, तेही माझ्या मते निव्वळ रूपावर. खरा कस लागतो पतंगांत. भारतात त्यांच्या दहा हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या निम्म्या राखाडी असाव्यात, असं आंबोलीच्या पावसात उभं राहिलं की वाटतं.

तिथे रात्री पांढरी चादर टांगून दिवा लावायचा. ॲटलस पतंग आला की वीतभर पंख पसरून बसतो, सगळे फोटो काढतात. माझा पतंग चादरीवर येतच नाही. शेजारच्या जांभळीच्या खोडावरचा दगडफुलाचा एक तुकडा दोन बोटं वर सरकला, तेव्हा कुठे त्याचा पत्ता लागला. पंख सालीला सपाट चिकटवलेले, म्हणजे बहुतेक जिऑमेट्रिडी कुळ. यांच्या अळ्या पाठीची कमान करत चालतात. एवढं सांगून मी मानाने थांबणार, तोच पोरांनी विचारलं, "काका, पुढे?"

पुढे हॅम्पसनसाहेब. निलगिरीत चहाचे मळे करायला आले आणि पतंगांच्या नादी लागले. १८९२ ते १८९६ या काळात त्यांचे चार जाडजूड खंड निघाले. त्यात चित्रं काळी-पांढरी, आणि वर्णनं वाचून माझ्या हाती लागलं ते एवढंच: काही पतंग तपकिरी झाक असलेले राखाडी असतात, काही राखाडी झाक असलेले तपकिरी.

शेवटी एका जाणकारांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "सुंदर! पण फोटोवरून जात सांगता येणार नाही. पोटाचं टोक कापा, पोटॅशमध्ये उकळा आणि जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघा." आता आधार कार्ड ठेवायला याला दुसरी जागा मिळाली नाही? शिवाय जंगलातला पतंग न्यायचा तर वनखात्याची परवानगी हवी. आणि कोणता पतंग नेणार म्हणून अर्जात लिहायचं, यावर गाडी अडली.

तूर्त फोटो 'राखाडी, बहुधा' या फोल्डरात आहे. त्याच पतंगाचा फ्लॅश मारून काढलेला फोटो 'तपकिरी, बहुधा'मध्ये गेलाय. पोरांनी ती नवी जात ठरवून तिला माझं नावही देऊन टाकलंय.